किल्ली एकाकडे, लेखणी दुसऱ्याकडे

जो तळे राखील तो पाणी चाखील, ही म्हण आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. राखणदार तहानेला दोन ओंजळी पाणी प्याला तर त्यात एवढे रागावण्यासारखे काय, असा तिचा सूर आहे. पण जरा विचार करा. ओंजळीची कळशी होते, कळशीची पखाल होते, आणि एक दिवस राखणदाराने तळ्यालाच पाट फोडून आपल्या रानात नेलेला असतो. मग आपण दुसरी म्हण काढतो, की कुंपणानेच शेत खाल्ले. पहिली म्हण आपण हसत सांगतो आणि दुसरी कपाळाला हात लावून. या दोन म्हणींच्या मध्ये काय काय घडते आणि ते घडू नये म्हणून आपल्या मुलखात कोणी काय केले, ते आज पाहू.

हल्ली मुंबई-पुण्याच्या बँकांत आणि कारखान्यांत नोकरमाणसांसाठी खास वर्ग भरतात. लाच कशाला म्हणावे, भेटवस्तू कोठवर घ्यावी, खोटी बिले कशी ओळखावीत, पैशाचा माग कसा काढावा, हे तिथे शिकवले जाते. परीक्षा होते, दाखला मिळतो. हे ऐकले की आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात, “अहो, सचोटी काय शाळेत शिकवतात? ती घरातून यावी लागते.” यात तथ्य आहे. पण ते अर्धेच आहे. सचोटी घरातून येईल. सचोटीने कारभार ठेवण्याची रीत मात्र शिकावीच लागते. शिवाय ही रीत काही साहेबाच्या देशातून आलेली नाही. ती आपल्या डोंगरावर होती.

शाहूवाडी तालुक्यातल्या माणसाला विशाळगड कुठे आहे हे सांगायला नको. १६६० च्या जुलैमध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज याच गडावर पोचले. घोडखिंडीतला बाजीप्रभूंचा पराक्रम आपण पोरांना दरवर्षी सांगतो, आणि सांगावाच. पण गड काही एका रात्रीच्या पराक्रमावर टिकत नाही. लढाई एक दिवसाची. धान्य मोजणे, दारू कोरडी ठेवणे, शिबंदीची हजेरी घेणे आणि पगार वेळेवर देणे हे वर्षाच्या बारा महिन्यांचे काम. गडावरचे कोठार आतून रिकामे झाले, तर बाहेरच्या शत्रूला तोफ डागायचीही गरज उरत नाही.

म्हणून त्या कारभाराची मांडणी पाहा. प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी असत. हवालदार गडाचा मुख्य; दरवाजे त्याच्या हुकमाने उघडायचे-मिटायचे आणि किल्ल्या त्याच्या ताब्यात. सबनिसाकडे हजेरीपट, पत्रव्यवहार आणि जमाखर्च. कारखानिसाकडे धान्य, दारूगोळा आणि इतर सामान. किल्ली एकाकडे, लेखणी दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे. महाराजांच्या पश्चात जिंजीला कृष्णाजी अनंत सभासदाने जी बखर लिहिली, तिच्यात गडावरचे हे अधिकारी सारख्या दर्जाचे असावेत आणि त्यांनी एकविचाराने कारभार करावा, अशी व्यवस्था सांगितली आहे. हे अधिकारी मुद्दाम वेगवेगळ्या जातींतून नेमत, हेही इतिहासकारांनी नोंदले आहे. कारण उघड आहे. तिघे एकाच घरातले किंवा एकाच गोतातले असले, की तीन हात दिसतात खरे, पण ते एकाच अंगाचे असतात.

यात कुणा एकावर अविश्वास दाखवलेला नाही, हे लक्षात घ्या. हवालदार चोर आहे असे कुणी म्हणत नव्हते. उलट, प्रामाणिक हवालदाराला या व्यवस्थेचा फार मोठा आधार होता. उद्या दहा खंडी भात कमी भरले, तर एकट्या त्याच्यावर आळ येणार नाही. कारखानिसाची नोंद आहे, सबनिसाचा हिशेब आहे. प्रामाणिक माणसाला साक्षीदार मिळवून देणे हे चांगल्या व्यवस्थेचे पहिले काम असते, चोर पकडणे हे दुसरे.

आता गडावरून कोकणच्या अंगाला उतरू. घाट उतरून गेले की प्रभानवल्ली लागते, जुन्या कागदांतली ती प्रभावळी. आज ती लांजे तालुक्यात येते. शिवकाळात तो एक महत्त्वाचा मामला होता, आणि तिथल्या सुभेदारांना महाराजांनी लिहिलेली दोन पत्रे आजच्या विषयासाठी फार मोलाची आहेत.

पहिले पत्र आहे १६७५ च्या जानेवारीतले, जिवाजी विनायक या सुभेदाराला. पद्मदुर्गावर सिद्दीविरुद्ध आरमार झुंजत होते. त्यांना रसद आणि रोख रक्कम पोचवण्याचा हुकूम झाला होता. ती वेळेवर पोचली नाही. महाराजांनी सरळ विचारले, की सिद्दीने काही देऊन तुम्हाला आपले चाकर करून घेतले आहे काय? आणि ठणकावले, की अशा चाकरीला शिक्षा करताना तुमच्या जातीचा मुलाहिजा कोणी करणार नाही. लाच म्हणजे केवळ पैसा घेणे नव्हे. काम वेळेवर न करण्यामागेही लाच असू शकते, हे त्या राजाने नेमके ओळखले होते.

दुसरे पत्र ५ सप्टेंबर १६७६ चे, रामाजी अनंत या सुभेदाराला. यात रागाचा भाग कमी आणि शिकवणुकीचा जास्त आहे. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, कोणाकडे माणूसबळ आहे पण बैल नाहीत ते पाहा, त्याला बैलासाठी पैसे दे, पोटाला धान्य दे, आणि दिलेले मुद्दल पुढे त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू वसूल कर, व्याज लावू नकोस. यासाठी किती रक्कम खर्ची घालावी, तेही सांगितले. आणि रयतेच्या भाजीच्या देठाचाही मोह धरू नये, असे बजावले. आजच्या भाषेत सांगायचे, तर हा नव्या अधिकाऱ्याचा प्रशिक्षणवर्गच होता. खाऊ नको एवढे सांगून पत्र थांबत नाही. काय करावे, कोणत्या क्रमाने करावे, पैसा कोणाला द्यावा आणि परत कसा घ्यावा, हे सगळे त्यात आहे. अमुक करू नये एवढेच सांगणारा गुरुजी आणि कसे करावे हे दाखवणारा गुरुजी यांतला फरक शिक्षकबंधूंना मी वेगळा सांगायला नको.

पुढे १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे गेले, तेव्हा इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांवर सोपवला गेला. त्यांना हुकूमतपनाह म्हणत. विशाळगड आणि पन्हाळा याच परिसराच्या आधाराने त्यांनी ती कठीण वर्षे काढली. पुढे १७१५-१६ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या काळात सिद्ध झालेले ‘आज्ञापत्र’ हे त्यांच्याच नावावर आहे. राज्यकारभार कसा करावा याचे ते पाठ्यपुस्तकच समजा. गडावरच्या अधिकाऱ्यांना एकाच जागी मुरू देऊ नये, ठरावीक वर्षांनी त्यांच्या बदल्या कराव्यात, असा सल्ला त्यात आहे. वतनदारांविषयी तर अमात्य फार सावध आहेत. वतनदार म्हणजे राज्याचे छोटे वाटेकरीच, त्यांना दुखवूही नये आणि मोकळेही सोडू नये, असा त्यांचा रोख आहे. ही सावधगिरी का, ते पुढच्या शंभर वर्षांत दिसून आले.

त्याआधी एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. हे सबनीस, फडणीस, कारकून शिकत कुठे? त्या काळी कॉलेज नव्हते, पण शिक्षण होते. मोडीचे वळण गिरवायचे, पाढे आणि तोंडचा हिशेब पक्का करायचा आणि मग एखाद्या फडात उमेदवारी करायची. कारकुनांसाठी मेस्तके होती; म्हणजे लेखनाच्या, हुद्द्यांच्या आणि कारभाराच्या रीती सांगणाऱ्या पोथ्या. त्यांची परंपरा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्या नावाशी जोडलेली आहे. रोजकीर्द लिहायची, तिच्यावरून खतावणी करायची, वर्षअखेर ताळेबंद मांडायचा. रोजकीर्दीत आज घडलेले आजच लिहायचे, हा तिचा प्राण. उद्या लिहू म्हटले की मधल्या रात्रीत आकड्याला पाय फुटतात.

पेशवाईत ही विद्या फार वरच्या थराला गेली. पुण्याच्या हुजूर दफ्तरात दोनशेच्या वर कारकून काम करीत. महालांचे हिशेब तिथे येत. मामलतदाराने वर्षात किती वसूल करावा आणि किती खर्च करावा याचा अंदाज आधीच बांधून दिलेला असे, त्याला बेहेडा म्हणत. एकबेरीज दफ्तरात सगळ्या खात्यांच्या हिशेबांचे गोषवारे तयार होत. मामलतदाराच्या हाताखाली दिवाण, मुजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस असे दरकदार असत. या दरकदारांना मामलतदार काढू शकत नव्हता. त्यांची नेमणूक वरून होत असे आणि मामलतदाराच्या कारभारावर नजर ठेवणे हे त्यांचे कामच होते. फडणिसाच्या लेखणीखालून गेल्याशिवाय कागद पुरा होत नसे. तपासणाऱ्याची भाकरी ज्याला तपासायचे त्याच्या हातात नसावी, हे तत्त्व आज हिशेबतपासनीस नेमताना कायद्याने सांगावे लागते. अडीचशे वर्षांपूर्वी ते आपल्याकडे रूढ होते.

मग बिघडले कुठे? दोन ठिकाणी बिघडले, आणि दोन्ही आपण नीट समजून घेतली पाहिजेत.

पहिले म्हणजे, कामाचे वतन झाले. बाप फडणीस म्हणून मुलगा फडणीस, मुलगा म्हणून नातू. लेखणी शिकून मिळण्याऐवजी जन्माने मिळू लागली. दोन-तीन पिढ्या एका जागी काढल्यावर मामलतदार आणि दरकदार यांची घरे एकमेकांना धरून राहू लागली. ज्याने नजर ठेवायची तोच पंगतीला बसला.

दुसरे त्याहून वाईट. चोरीला जमाखर्चात जागा मिळाली. मामलतदार वरच्या दरबारी लोकांना गुपचूप रक्कम देत, तिला अंतस्थ म्हणत. नाव पाहा, अंतस्थ, म्हणजे आतले. याखेरीज दरबारखर्च नावाची रक्कम असे. १८१९ मध्ये एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात या प्रकाराचे वर्णन केले आहे. आधी तो चोरून द्यायचा ऐवज होता. पुढे तो इतका नेमाचा झाला की गावच्या खर्चात बसवून रयतेकडूनच वसूल होऊ लागला. म्हणजे तळे राखील तो पाणी चाखील ही म्हण थेट खतावणीत शिरली! दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने देण्याची चाल पडली. जास्त बोली लावील त्याला मुलूख. ज्याने बोलीत पैसा ओतला तो वसुलीत दामदुपटीने काढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. दफ्तराची शिस्तही त्याच काळात ढिली पडली. नियम शाबूत होते, लिहिणारे हुशार होते, कागद होते. पण तपासणारा तपासेना, आणि सगळ्यांनीच त्याला रीत म्हटले. चोरीला रीत म्हणू लागलो, की मग ती पकडायची कुणी?

आता आपल्या करवीर राज्यात परत येऊ. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. गावगाड्यात त्यांना काय दिसले? पाटील वतनी आणि कुलकर्णीही वतनी. गावचे सगळे दफ्तर कुलकर्ण्याच्या घरात आणि तेही मोडीत. कुळाने सारा भरला की नाही, जमीन कुणाच्या नावावर चढली, तगाई किती फिटली, हे सांगणारा एकच माणूस, आणि ते वाचू शकणाराही जवळपास तोच. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये यावरच बोट ठेवले होते. सगळे कुलकर्णी लबाड होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेकांनी गावाची अडचण स्वतःच्या अंगावर घेतली आहे. पण व्यवस्थेचा विचार करताना माणूस चांगला की वाईट हा प्रश्न पुरत नाही. वाईट माणूस त्या जागी आला तर त्याला अडवणारे काय आहे, हा प्रश्न विचारावा लागतो. गावात त्याचे उत्तर ‘काही नाही’ असे होते. गडावरचे तीन हात गावात येईपर्यंत एकच झाले होते.

शाहू महाराजांनी यावर जे केले त्यातला क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. १९११ च्या दिल्ली दरबाराचे स्मारक म्हणून त्यांनी कोल्हापुरात पाटलांसाठी शाळा काढली. गावचा मुख्य अधिकारी निरक्षर असेल, तर तो कुलकर्णी सांगेल तिथे अंगठा उठवणार. म्हणून आधी पाटील शिकला पाहिजे. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचे ठरवले. आणि १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बंद करून त्या जागी पगारी तलाठी नेमण्यास सुरुवात केली. तलाठ्यांना कामाचे शिक्षण देण्याचीही व्यवस्था केली. ही जागा सगळ्या जातींना खुली झाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले तरुणही तलाठी झाले. त्या काळी यावरून केवढे वादळ उठले, ते इतिहासात आहे.

या क्रमाकडे पाहा. नुसते वतन काढून तलाठी बसवला असता, तर एका माणसाची जागा दुसऱ्याने घेतली असती, एवढेच. महाराजांनी तीन गोष्टी एका वेळी हाती घेतल्या. ज्याच्या हाती लेखणी आहे त्याला पगार आणि शिक्षण दिले. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याला वाचायला शिकवले. आणि ज्याचा पैसा आहे त्या रयतेच्या पोरांना शाळेत घातले. या तिसऱ्या गोष्टीकडे आपण फार कमी लक्ष देतो. लेखणीवर सर्वांत मोठा पहारा असतो तो वाचू शकणाऱ्या रयतेचा.

मग पुढे सगळे सुरळीत झाले का? तसे म्हणता येत नाही. तलाठी पगारी झाला, बदलीचा झाला, तरी सातबाऱ्यावर नोंद घालायला ‘चहापाणी’ मागण्याची चाल आपण सगळ्यांनी पाहिली-ऐकली आहे. अंतस्थ गेले आणि चहापाणी आले. नाव तेवढे बदलले. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक खात्याच्या सापळ्यांचा वार्षिक आढावा काढला, तर महसूल आणि पोलीस ही खाती वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकावर दिसतात. हे खाते १९५७ मध्ये मुंबई राज्यात उभे राहिले. केंद्रात संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ मध्ये दक्षता आयोग आला. म्हणजे पकडण्याची सोय झाली. पण पकडणे हे शेवटचे औषध आहे. रोग होऊ नये म्हणून करायचे ते वेगळेच.

तुमच्या-माझ्या रोजच्या आयुष्यातला पैसा आज गडावर नाही, सहकारी संस्थांत आहे. विकास सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था, साखर कारखाना, सहकारी बँक. शाहूवाडीसारख्या डोंगराळ तालुक्यात सकाळ-संध्याकाळ दुधाची किटली घेऊन उभी राहिलेली माणसे या एका मोठ्या जमाखर्चाचा भाग आहेत. सहकाराचे पुढारी वैकुंठभाई मेहता, धनंजयराव गाडगीळ यांनी फार आधी ओळखले होते, की संस्था भांडवलाने उभी राहते आणि हिशेबाने टिकते. पुण्यात सहकारी नोकरवर्गाला शिकवणारे महाविद्यालय निघाले. आज तिथल्या राष्ट्रीय संस्थेला वैकुंठभाईंचेच नाव आहे. सहकार आणि हिशेब यांची सरकारी पदविका, जिला आपण ‘जीडीसी अँड ए’ म्हणून ओळखतो, ती परीक्षा आपल्या भागातल्या कितीतरी मुलांनी दिली आहे. १९६० च्या सहकार कायद्याने दरवर्षी हिशेबतपासणी सक्तीची केली. २०१३ च्या दुरुस्तीने सभासद, संचालक आणि सेवक यांना प्रशिक्षण देण्याची तरतूदही कायद्यात घातली.

आणि तरीही काय घडते ते पाहा. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. एकाच बांधकाम समूहाला दिलेली हजारो कोटींची थकलेली कर्जे हजारो खोट्या खात्यांच्या आड दडवली होती, हे बाहेर आले. त्या बँकेत संगणक होते, तपासनीस होते, संचालक मंडळ होते, दरवर्षी ताळेबंदही छापला जात होता. मुंबईतल्या सामान्य ठेवीदारांनी आपल्याच पैशासाठी रस्त्यावर उभे राहून टाहो फोडला. पेशवाईच्या शेवटी दफ्तराला जे झाले तेच इथे झाले. कागद पुरे होते आणि कागदाआडचे पाहणारी नजर नव्हती.

माणूस असे का करतो? डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने अफरातफरीबद्दल तुरुंगात गेलेल्या माणसांना भेटून हाच प्रश्न विचारला आणि १९५३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याच्या अभ्यासातून पुढे एक त्रिकोण मांडला गेला. एक, कुणाला सांगता न येणारी अडचण. दुसरी, संधी. आणि तिसरी, स्वतःची घातलेली समजूत: मी चोरत नाही, उसने घेतो आहे, सगळेच घेतात, इतकी वर्षे राबलो, एवढा हक्क माझा आहे. जगभरच्या प्रशिक्षणवर्गांत आज हा त्रिकोण फळ्यावर काढतात. आता आपली म्हण आठवा. तळे राखील तो पाणी चाखील ही तंतोतंत तिसरी बाजू आहे! अमेरिकेतल्या कैद्यांनी स्वतःची जी समजूत घातली, ती आपण पिढ्यान्‌पिढ्या पोरांना पाठ करून देत आलो.

माणसाच्या मनातली अडचण संस्थेला दिसत नाही. पण संधी कमी करणे संस्थेच्या हातात असते. आणि समजूत मोडणे हे शिक्षणाच्या हातात असते. चांगल्या प्रशिक्षणात ही दोन कामे होतात. बँकेत व्यवहार एकाने नोंदवायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, ही झाली गडावरची किल्ली आणि लेखणी. नाजूक जागेवरच्या माणसाला वर्षातून सलग दहा दिवस, आधी न कळवता, सक्तीच्या रजेवर पाठवावे असे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०२१ मध्ये बजावले; कारण तो घरी असताना त्याच्या जागी बसलेल्याला दडवलेले दिसते. ही झाली आज्ञापत्रातली बदली. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा आहे. त्याला २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. आता लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र कुणी भाग पाडले म्हणून दिली आणि सात दिवसांच्या आत तक्रार केली, तर त्याला संरक्षण आहे. व्यापारी संस्थेच्या माणसाने तिच्या फायद्यासाठी लाच दिली, तर संस्थाच जबाबदार. आपण ती रोखण्याची पुरेशी व्यवस्था ठेवली होती हे तिला दाखवून द्यावे लागते. शहरातले ते वर्ग भरू लागण्यामागे हेही एक कारण आहे.

पण एक सावधगिरी. वर्ग भरला, सही झाली, दाखला भिंतीवर लागला, म्हणजे काम संपले असे नाही. दाखला हासुद्धा एक कागदच आहे, आणि नुसत्या कागदाने काय होते ते वर पाहिलेच. जगभरच्या अफरातफरींचा अभ्यास करणाऱ्या तपासनिसांच्या संघटनेला वर्षानुवर्षे असे दिसते, की दहापैकी सुमारे चार प्रकरणे उघडकीस येतात ती कुणीतरी सांगितल्यामुळे. सांगणारा बहुतेक वेळा त्याच संस्थेतला नोकर असतो, कधी गिऱ्हाईक असते. म्हणून शिकवायचे असेल तर सांगायला शिकवले पाहिजे, आणि सांगणाऱ्याला चुगलखोर न म्हणायला बाकीच्यांना शिकवले पाहिजे.

तेव्हा वाचकहो, आपण गावात काय करू शकतो? मोठे काही लागत नाही. शिक्षकांसाठी सांगतो. पोषण आहाराचा तांदूळ शाळेत येतो. कोठीची किल्ली, साठ्याची वही आणि रोज मोजून देणे, ही तीन कामे तिघांकडे द्या. सातवी-आठवीच्या पोरांना महिन्यातून एकदा साठा आणि वही ताडून पाहायला बसवा. गणिताचा तास होईल, आणि हिशेब विचारणे म्हणजे कुणाचा अपमान नव्हे, हे पोरे त्या वयातच शिकतील. मुख्याध्यापकांनी स्वतःहून वही पुढे केली, तर त्याहून चांगला धडा नाही.

शेतकऱ्यांसाठी सांगतो. दूध घातल्यावर जी पावती मिळते ती खिशात कोंबू नका. लिटर किती, फॅट किती, दर किती, हे तीन आकडे वाचा, आणि वाचता येत नसेल तर घरातल्या मुलीकडून वाचून घ्या. सोसायटीच्या वार्षिक सभेला नाश्त्यापुरते जाऊ नका. अहवालातले हिशेबतपासनिसाचे शेरे वाचून दाखवा म्हणून उभे राहा. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हायची असते, तिथे जमाखर्च मागता येतो. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. लाच मागितली तर तक्रारीसाठी १०६४ हा फोन आहे. एखाद्याने धीर करून विचारले, तर त्याच्यामागे दोघे-तिघे उभे राहा. एकटा विचारणारा नडतो. दहा विचारणारे असले की ती रीत होते.

संस्थेच्या सेक्रेटरींना आणि संचालकांना हे वाचून राग येईल, तर त्यांना एवढेच सांगतो. गडावरच्या हवालदाराला सबनिसाची लेखणी खुपली नसेल असे नाही. पण तिच्याचमुळे तो रात्री शांत झोपत असेल. विचारणारा सभासद हा प्रामाणिक सेक्रेटरीचा साक्षीदार आहे.

विशाळगडाचे तट आज पडले आहेत, कोठारे रिकामी आहेत, मोडी वाचणारी माणसे थोडी उरली आहेत. गडावरची ती रीत मात्र अजून वापरात आणता येते. किल्ली एकाकडे ठेवा, लेखणी दुसऱ्याकडे द्या, आणि तळ्याच्या काठावर ज्याचे पाणी आहे त्याने रोज एक चक्कर टाकावी.